मेतकुटाची मागणी

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. मालगाडीचा गार्ड म्हणून उभी नोकरी मी शेवटच्या डब्यात एकट्यानं काढली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्या डब्यात होतं कोण? एक लाल झेंडी, एक हिरवी झेंडी आणि कंदील. मी काहीही सांगावं आणि त्या तिघांनी ऐकून घ्यावं. ती जी सवय लागली ती लागलीच.

तर गोष्ट अशी, की मी बी.ए.ला नापास झालो. हसू नका. बिजौलीचे कारखाने मागे पडले की पुढे जे खाजगी विद्यापीठ लागतं, तिथे नापास होणं म्हणजे बेतवा नदीत उडी मारून कोरडं बाहेर येणं. ते मी करून दाखवलं.

परवा आमचा मिलिंद पुण्याहून आला तेव्हा त्याला हेच सांगितलं. येताना त्यानं तीन मोठ्या बॅगा आणल्या होत्या.

‘‘बॅगा खाली आहेत का रे?’’ मी विचारलं.

‘‘हो, खालीच ठेवल्यात.’’

बघा. मी विचारलं रिकाम्या आहेत का, आणि त्यानं सांगितलं जमिनीवर आहेत. आमच्या झाशीच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं. इथे जन्मलेलं पोर, पण पुण्यानं पार सुधारून टाकलं. बॅगा रिकाम्याच होत्या. त्यांत आमचं घर भरायचं होतं.

‘‘बाबा, ठरल्याप्रमाणे तुमचं बी.ए. झालं. आता निघायचं. आईची आणि तुमची खोली तयार आहे.’’

‘‘बस,’’ मी म्हटलं. ‘‘चहा घे. मी नापास झालोय.’’

सुहासिनी, म्हणजे आमची सौ., मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की माझ्या पहिल्या वाक्याला ती मान वर करतच नाही.

मूळ करार असा होता. तीन वर्षांपूर्वी मिलिंद म्हणाला, ‘‘बाबा, झाशीत आता तुमचं आहे काय? पुण्याला चला.’’ आता, झाशीत माझं काय आहे हे फोनवर कसं सांगायचं? पहाटे यार्डातून शंटिंगचा आवाज येतो, तो नंबरावरून नव्हे, नुसत्या धक्क्यावरून ओळखतो मी, की कोळशाचे डबे आहेत का सिमेंटचे. बड्या बाजारात कचोरीवाला मला पाहिलं की न विचारता आंबट चटणी वेगळी देतो. संध्याकाळी लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठी जाऊन बसलं की माझ्याच वयाचे पाच-सहा जण बुंदेलीत एकमेकांचा उद्धार करत असतात, त्यात माझाही करतात. आणि पुण्यात? मागे गेलो होतो तेव्हा वाण्याच्या दुकानात म्हटलं, ‘‘भैया, जरा बारीक रवा दिखवा.’’ तो म्हणाला, ‘‘काका, हिंदीत बोललात तरी चालेल.’’ आता बोला! झाशीत आम्ही तीन पिढ्या ‘मराठे लोग’. पुण्यात पाऊल टाकलं की मी यूपीवाले काका. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं मी त्याच्या गावचा. दोन दिवसांनी माझी गट्टी फक्त त्याच्याशीच जमली.

म्हणून मी घाबरून फोनवर ठोकून दिलं, ‘‘येता आलं असतं रे, पण मी कॉलेजात नाव घातलंय. अर्थशास्त्र.’’

मग मिलिंद म्हणाला, ‘‘ठीक आहे. बी.ए. होईपर्यंत राहा. झालं की मात्र पुणं.’’

दुसऱ्या दिवशी धावत जाऊन खरंच नाव घालावं लागलं. तिथे कांचन मॅडम म्हणून एक बाई काँप्यूटरवर बसतात. त्यांनी जन्माचं साल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माऊस खाली-खाली-खाली ओढला आणि म्हणाल्या, ‘‘दादाजी, सिस्टम में तो पचासी से पहले कोई पैदा ही नहीं हुआ.’’

‘‘मैं हुआ हूँ,’’ मी नम्रपणे सांगितलं.

‘‘आप हुए होंगे. सिस्टम नहीं मान रहा.’’ आणि त्यांनी पंच्याऐंशी साल लावून टाकलं. तेव्हापासून विद्यापीठाच्या लेखी मी माझ्या मुलापेक्षा धाकटा आहे. एका अर्थी बरंच झालं. पुण्याला म्हाताऱ्या बापाला न्यायचं असतं, धाकट्या भावाला नव्हे, असा मुद्दा मला कधीही काढता आला असता.

पण काय दिवस होते! सकाळी विद्यापीठाची पिवळी बस नाक्यावर यायची. ड्रायव्हर हाक मारायचा, ‘‘आ जाओ दद्दा, तुमाई सीट खाली है.’’ मागच्या बाकावर माझ्याशेजारी पियूष नावाचा मुलगा. बापाचं टायरचं दुकान, आणि हाती घेतलेली एकही गोष्ट पूर्ण न करण्यात तरबेज. अर्धवट वाढवलेली दाढी, अर्धवट शिकलेली गिटार, अर्धा खाऊन माझ्याकडे सरकवलेला समोसा. पहिल्या आठवड्यातच आमचं मेतकूट जमलं. तो मला मोबाईलवर पैसे पाठवायला शिकवायचा, मी त्याला घटत्या उपयोगितेचा नियम शिकवायचो, आणि चौथ्या समोशाला दोघांनाही तो पटायचा. शिकवायला हर्षित सर. मिलिंदपेक्षा लहान. मी वर्गात शिरलो की सवयीनं तेच उभे राहायचे. त्यांनी फळ्यावर उदासीनता वक्र काढला तेव्हा मी हात वर करून सांगितलं, ‘‘सर, हा मी पाहिलाय. मी उशिरा घरी गेलो की सुहासिनीच्या भुवईचा हुबेहूब असाच होतो.’’ सरांनी तो पेपरात विचारला. वर्गातल्या नऊ जणांनी उत्तरात सुहासिनीचं नाव लिहिलं.

‘‘हे मला कधी सांगितलं नाहीत,’’ सुहासिनी मेथीतून म्हणाली.

असे हसत-खेळत पाच सेमिस्टर गेले, आणि सहाव्याच्या सुरुवातीला एकदम ध्यानात आलं. अरे, हे संपणार! बी.ए. झालं की पुणं! शेजारचा भूषण, रेल्वेच्याच ड्रॉइंग ऑफिसातला, त्याच्याकडे सल्ला मागितला. त्यानं आयुष्यात एकच सरळ रेघ काढली असेल, पण सल्ला सरळ दिला, ‘‘त्यात काय? नापास हो. एक वर्ष वाढेल.’’

‘‘इथे नापास करत नाहीत रे.’’

‘‘मग पेपराला जाऊ नकोस.’’

पहिल्या पेपराच्या दिवशी मी लक्ष्मी तालावर जाऊन देवळामागे दडून बसलो. थोड्या वेळानं बघतो तो पिवळी बस चाळीस पोरांसकट पायऱ्यांशी उभी! ‘‘काए दद्दा, परचा नईं दैनें?’’ ड्रायव्हर ओरडला, आणि पोरांनी मला महालक्ष्मीच्या पालखीसारखं उचलून बसमध्ये घातलं.

मग कांचन मॅडमना स्पष्टच विचारलं, नापास व्हायला काय करावं लागतं? त्यांनी दया आल्यासारखं पाहिलं. ‘‘दादाजी, जाँच की टीम आने वाली है. रिज़ल्ट सौ परसेंट चाहिए. फेल का तो हमने खाना ही नहीं बनवाया.’’ मला आधी वाटलं जेवणाचं बोलताहेत. खाना म्हणजे रकाना. नापास झालेल्या मुलाला ठेवायला काँप्यूटरमध्ये जागाच नव्हती.

उरला एकच मार्ग. प्रोजेक्ट. हर्षित सरांनी सांगितलं होतं, कुठल्याही एका वस्तूची मांग घेऊन शहरात सर्वेक्षण करायचं. मी जोडीदार निवडला पियूष, कारण तो काही पूर्ण करणार नाही. आणि विषय निवडला, ‘झाँसी नगर में मेतकूट की मांग’.

‘‘मेतकूट क्या है?’’ सरांनी विचारलं.

‘‘पाउडर है, सर.’’

‘‘किस काम आता है?’’

‘‘भात पे डालते हैं. बुखार में.’’

सर म्हणाले, ‘‘अद्भुत.’’ मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मेतकूट कोण खाणार? आपली मराठी घरं. पियूष उत्साहानं म्हणाला, ‘‘दादाजी, सवाल मैं मराठी में पूछूँगा. मैंने सीख ली है.’’ तीन वर्षं माझ्याशेजारी बसून बसून त्याला येत होती थोडी. त्याच्याहून कमी मराठी येणारी मराठी पोरं झाशीत मी दाखवीन. त्यानं ‘मांग’चं मराठी मोबाईलवर शोधलं. निघालं ‘मागणी’. अर्थशास्त्रात बरोबर आहे. पण मराठी घराच्या दारात उभं राहून, धुतलेला शर्ट घालून, तरण्या मुलानं तो शब्द उच्चारला तर काय होईल हे मला दिसत होतं. मी सुधारलं नाही. मला नापास व्हायचं होतं.

पहिलं घर विजयालक्ष्मीबाईंचं, बड्या बाजाराच्या मागे. घराणं जुनं. अजून दिवाणखान्याला सोपा म्हणतात आणि पाहुण्याला गूळपाणी देतात. थोरली मुलगी मनस्वी बँकेत. धाकटी मयुरा. मी स्कूटर लावत मागे राहिलो. पियूष पुढे झाला, वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

‘‘काकू, आम्ही मागणीसाठी आलो आहोत.’’

विजयालक्ष्मीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘‘या ना, या. आत या. असं न कळवता... मयुरे, पाणी आण! मुलगा कोण?’’

पियूषला वाटलं सर्वेक्षण कोण करतोय ते विचारताहेत. तो मागे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘हे आणि मी. आम्ही दोघं जोडीनं करतो.’’

बाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग अत्यंत हळू आवाजात, माणुसकीनं विचारलं, ‘‘रमाकांतराव, सुहासिनीताई... बऱ्या आहेत ना? म्हणजे, आहेत ना?’’

माझ्या आयुष्यात मालगाडी दोनदा रुळावरून घसरली. पण पायांखालचं असं कधी काही सरकलं नव्हतं.

पियूषनं कागद काढला. ‘‘आपल्याकडे वर्षात कितीदा मागणी येते?’’

‘‘गेल्या वर्षी दोनदा आली. एक नागपूरची, एक ग्वाल्हेरची. ग्वाल्हेरचा उंचीला कमी पडला.’’

पियूषनं लिहिलं : ग्वालियर, ऊँचाई कम.

‘‘किंमत वाढली तर मागणी कमी होईल?’’

‘‘किंमत?’’ बाईंचा आवाज चढला. ‘‘हुंड्याचं बोलताय? आमच्या घराण्यात घेत नाहीत नि देत नाहीत!’’

पियूषनं लिहिलं : मूल्य का कोई प्रभाव नहीं.

‘‘ही मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरं काय चालेल?’’

बाईंनी जरा विचार केला. ‘‘धाकटी आहे तशी. पण आधी थोरलीचं होऊ दे.’’

आता मात्र मी मध्ये पडलो. म्हटलं, ‘‘वहिनी, गैरसमज होतोय. हे सगळं मेतकुटाबद्दल आहे.’’

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य. बाई ताडकन उठल्या. ‘‘म्हणजे? मेतकूट आधीच जमलंय? कधीपासून? मनस्वी! मनस्वी, खाली ये!’’

मनस्वी खाली आली. पोरगी हुशार. तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पियूषच्या हातातला कागद घेऊन शेवटपर्यंत वाचला आणि ओढणीत तोंड दाबून भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. आईला वाटलं रडतेय.

‘‘रडू नकोस ग, तुला आवडला असेल तर आम्ही काही...’’

‘‘आई,’’ मनस्वीला कसंबसं बोलता आलं, ‘‘हे लोक भातावर घालायच्या मेतकुटाचं विचारतायत.’’

मग विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे घरचं असतं.’’ आणि आत निघून गेल्या. गूळपाणी आलं ते मयुरेनं आणलं, आणि देताना ती मला ‘जिजाजी’ म्हणाली.

मी घरी पोचेस्तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती.

‘‘तीन फोन आले होते,’’ सुहासिनी आता मिलिंदला सांगू लागली. ‘‘एकीनं तर माझी तब्येत विचारून झाल्यावर विचारलं, मंगळसूत्र कुणाला देणार?’’

‘‘त्या बाईला मी सांगितलं ना, सर्वेक्षण होतं म्हणून?’’ मी म्हटलं.

‘‘चार दिवस यांना वरणभात मिळाला नुसता. वर मेतकूटसुद्धा नाही,’’ सुहासिनी म्हणाली. ‘‘कळलं का तुला, मिलिंद?’’

मिलिंद गालातल्या गालात हसत होता. मला धीर आला. हसणारा माणूस बॅगा भरत नाही.

पण पुढचं ऐका. बातमी फुटल्यावर झाशीतल्या यच्चयावत मराठी घरांतून फोन. ‘‘आमच्याकडे मागणीला कधी येताय?’’ ज्यांना मुली होत्या त्यांचे, मुलगे होते त्यांचे, आणि एक फोन तर खुद्द एका विधुराचा. पियूषनं आयुष्यात पहिल्यांदा एक काम पूर्ण केलं, तेही माझ्या नशिबी. घरोघरी पोहे खाल्ले, उत्तरं लिहिली. त्यात मेतकूट एका ओळीचं. बाकी उंची, नोकरी, गोत्र, ‘मुलगा झाशी सोडणारा नको’ आणि ‘मुलगा झाशीतच राहणारा नको’. मी तसंच्या तसं बांधून दिलं. म्हटलं, शीर्षक मेतकूट आणि आत वधू-वर. आता तर शून्य नक्की.

हर्षित सरांनी मला बोलावून घेतलं. डोळ्यांत पाणी. ‘‘दादाजी, ये विवाह-बाज़ार का प्राइमरी डेटा है! और शीर्षक में जो रूपक है, मेतकूट! किसी ने समझाया मुझे, मराठी में मन मिलने को मेतकूट जमना कहते हैं. क्या बात है!’’ शंभरातले अठ्ठ्याण्णव. दोन कापले, कारण संदर्भसूची नव्हती.

मी शेवटचं अस्त्र काढलं. अखेरचा पेपर अथपासून इतिपर्यंत मराठीत लिहिला. साध्या नव्हे, आजीच्या तोंडच्या, सटवीपासून सुतकापर्यंतच्या मराठीत. महागाई का वाढते, या प्रश्नाच्या उत्तरात मी परीक्षकांचीच यथेच्छ टिंगल केली. कानपूरकडचे कोणी गृहस्थ होते म्हणे. लिपी तर देवनागरीच. त्यांना वाटलं ही फारच संस्कृतप्रचुर हिंदी. मी नंतर पेपर मागवून पाहिला. लाल शाईत शेरा होता, ‘भाषा क्लिष्ट किन्तु विद्वत्तापूर्ण. चेष्टा सराहनीय.’

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, ते मला ठाऊक आहे. पण मी जे केलं होतं त्याला मराठीत नेमका हाच शब्द आहे. जन्मभर एवढ्या चेष्टा केल्या, सराहनीय म्हणणारा हा पहिलाच.

इथवर सांगून मी थांबलो. चहा निवला होता. खिडकीतून यार्डाचा आवाज आला. सिमेंटचे डबे होते. मिलिंदनं विचारलं, ‘‘मग नापास कशात झालात?’’

‘‘सांख्यिकीत,’’ मी पापणी न लववता म्हणालो. ‘‘एकाच मार्कानं. इतका प्रामाणिक परीक्षक! कांचन मॅडमनी माझ्यासाठी खास रकाना करून घेतला. विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला नापास मी. हर्षित सर रडले. पियूषनं दाढी काढली. आता पुन्हा वर्षभर बसावं लागणार. नाइलाज आहे रे. तू बॅगा...’’

सुहासिनीनं मेथीची जुडी खाली ठेवली. ती मान वर करून माझ्याकडे नाही, मिलिंदकडे बघत होती.

‘‘बाबा,’’ मिलिंद म्हणाला, ‘‘खोटं. साफ खोटं. इलाइट चौराह्यावर तुमचा सोळा फुटी फ्लेक्स लागलाय. ‘बुंदेलखंड के युवा टॉपर, जन्म १९८५’. कोट माझ्या लग्नातला आहे. मी ऑटोवाल्याला सांगितलं, हे माझे वडील, यांना कायमचं पुण्याला न्यायला आलोय. त्यानं तिथेच ब्रेक मारला. म्हणाला, हमारे टॉपर को झाँसी से ले जाओगे? उतरो भैया. पैदल जाओ.’’